पर्माकल्चर आणि आपण : एक परिचय

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने शेतीविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु जमीन कोणाची, पाणी कोणाचे आणि श्रम कोणाचे, हे तीन प्रश्न इतिहासातून वगळले तर सनावळीपलीकडे फारसे काही उरत नाही. गेली तीन वर्षे विद्यालयाच्या परिसरात इयत्ता आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांसह आम्ही ‘पर्माकल्चर’ या पद्धतीचा अभ्यास चालविला आहे. ही पद्धती काय आहे, ती कोठून आली आणि आपल्या समाजाने तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे माजी विद्यार्थी, पालक व धम्मबांधवांसमोर मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजीतील ‘पर्मनंट’ म्हणजे चिरस्थायी आणि ‘ॲग्रिकल्चर’ म्हणजे शेती, या दोन शब्दांच्या जोडणीतून ‘पर्माकल्चर’ हा शब्द तयार झाला. पुढे त्यातील शेतीची जागा ‘कल्चर’ म्हणजे संस्कृती या व्यापक अर्थाने घेतली. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन हे अध्यापक आणि त्यांच्याहून सत्तावीस वर्षांनी लहान असलेला डेव्हिड होमग्रेन हा विद्यार्थी, या दोघांनी १९७० च्या दशकात ही कल्पना घडविली आणि १९७८ साली ‘पर्माकल्चर वन’ या ग्रंथाद्वारे ती जगापुढे ठेवली. मॉलिसन यांनी तरुणपणी मासेमारी केली होती, जंगलात कामे केली होती. जंगलाला कोणी नांगरत नाही, खत घालत नाही, पाणी देत नाही. तरीही ते वर्षानुवर्षे टिकते. मग माणसाला उपयोगी पडणाऱ्या झाडांचे, पिकांचे व प्राण्यांचे असेच परस्परांना धरून उभे राहणारे जाळे जाणीवपूर्वक रचता येईल काय, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १९८१ साली त्यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. या नावाचे मराठी करायचे तर अष्टांगिक मार्गातील ‘सम्यक आजीविका’ हेच शब्द ओठांवर येतात.

या कल्पनेलाही पूर्वज होतेच. अमेरिकेचे मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया व जपानमधील शेतकरी हजारो वर्षे त्याच जमिनीतून पीक कसे घेतात, याचा वृत्तान्त लिहिला. तो १९११ साली प्रसिद्ध झाला. जपानच्या मासानोबू फुकुओका यांनी न नांगरता भात पिकविण्याचे आपले प्रयोग १९७५ साली ग्रंथरूपात मांडले. आपल्याकडे अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काडीकचरा, शेण, मूत्रात भिजलेली माती व राख यांचे थर रचून कंपोस्ट करण्याची पद्धत सिद्ध केली. ती आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. त्यावरील १९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचे नाव सहलेखक म्हणून आहे. जगाच्या पाठ्यपुस्तकांत हॉवर्ड राहिले आणि वाड विसरले गेले, हे नमूद करून ठेवावेसे वाटते. हे सारे काम महूपासून, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मस्थानापासून, अवघ्या वीस-पंचवीस किलोमीटरवर चालले होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की ती त्यांच्या कायमची लक्षात राहते.

आता प्रत्यक्ष पद्धतीकडे वळू. सेंद्रिय शेती आणि पर्माकल्चर यांत अनेकांची गल्लत होते. सेंद्रिय शेती प्रामुख्याने जमिनीत काय घालावे व काय घालू नये, याचा विचार करते. पर्माकल्चरचा भर कोणती गोष्ट कोठे असावी आणि ती कशाच्या शेजारी असावी, यावर आहे. म्हणजे ती मुख्यतः रचनेची विद्या आहे. राहत्या घराला शून्य क्रमांकाचा पट्टा मानावयाचा. जेथे दिवसातून चार वेळा जावे लागते, तो पहिला पट्टा. तेथे कोथिंबीर, मिरची, पालेभाज्या. दुसऱ्यात फळझाडे व कोंबड्या, तिसऱ्यात शेतातील मुख्य पिके, चौथ्यात सरपण, चारा व इमारती लाकूड. पाचवा पट्टा जसा आहे तसाच सोडावयाचा. तेथे माणसाने केवळ पाहावे आणि शिकावे. स्वयंपाकघरापासून दूर लावलेली कोथिंबीर पाण्यावाचून वाळते आणि खोलीच्या दाराशी लावलेला साग उगाच जागा अडवितो, इतकी ही साधी गोष्ट आहे. परंतु आपल्याकडील किती शाळांच्या व घरांच्या आवारात ती पाळली जाते, याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसरा नियम असा की प्रत्येक घटकाकडून एकाहून अधिक कामे घ्यावीत आणि प्रत्येक गरज एकाहून अधिक मार्गांनी भागवावी. वसतिगृहाच्या पश्चिमेला लावलेला शेवगा दुपारचे ऊन अडवितो, शेंगा व पाला देतो, गळालेल्या पानांनी माती झाकतो आणि वेलाला आधार होतो. जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक होते. ज्वारीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचा, कडेला अंबाडी, मध्येच तीळ, अशी पेरणी आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिली आहे. एक पीक गेले तर दुसरे हाताशी असे, आणि तुरीची मुळे जमिनीला नत्र देत. सोयाबीनच्या सलग पट्ट्यांनी ही पद्धत मागे टाकली. त्याबरोबर बांधावरची घोळ, तरोटा, पाथरी, तांदुळजा या न पेरता येणाऱ्या भाज्याही तणनाशकाच्या फवाऱ्याखाली गेल्या. या भाज्या कोणाचे अन्न होत्या? ज्यांच्याकडे बांध नव्हता, त्यांचे. मजुरीवरून परतताना आमच्या आयाबाया दुसऱ्याच्या बांधावरून ओटीत भाजी घेऊन येत आणि रात्रीचे जेवण होई. शेतीच्या बदलाचा हिशेब क्विंटलमध्ये करणाऱ्यांच्या वहीत ही ओटी कधीच मांडली गेलेली नाही.

पाण्याचा विषय थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण आमचे बहुतांश काम त्याच्याशी निगडित आहे. पाणी जेथे पडते तेथेच आणि शक्य तितक्या उंचावर अडवावे, हे पर्माकल्चरचे सूत्र आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांची सहल काढून आम्ही विद्यार्थ्यांना ते दाखविले. शंभराहून अधिक लेण्यांच्या या डोंगरावर नदी नाही. तरीही तेथे शेकडो वर्षे भिक्खुसंघ नांदला, तो पावसाच्या पाण्यावर. कातळात वरच्या बाजूस पन्हळी कोरल्या आहेत. त्यांतून पाणी लेण्यांच्या दाराशी खोदलेल्या टाक्यांत उतरते. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेख तेथे आहे. लेणे दान करणाऱ्याने सोबत पोढीही द्यावी, असे अनेक लेखांवरून दिसते. पाण्याची सोय लावल्याशिवाय निवासाचे दान पुरे होत नसे. कान्हेरीच्या भिक्खूंना पर्माकल्चर अवगत होते, असे म्हणणे मात्र इतिहासाशी खोटे वागणे होईल. त्यांनी उतार पाहिला, पाऊस पाहिला, खडक पाहिला आणि त्यानुसार छिन्नी चालविली. पाहणे आधी व खोदणे नंतर, हा क्रम तेवढा दोन्हीकडे सारखा आहे.

विद्यार्थ्यांनी याचे गणित मांडले, तेही येथे देतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. छत ५०० चौरस मीटरचे आणि वर्षाचा पाऊस ६५० मिलिमीटर धरला, तर ३ लाख २५ हजार लिटर पाणी होते. त्यातील पाचवा हिस्सा उडून व सांडून गेला असे मानले, तरी २ लाख ६० हजार लिटर उरते. २०० विद्यार्थ्यांना पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी प्रत्येकी ५ लिटर धरल्यास हे पाणी २६० दिवस पुरेल. एवढी मोठी टाकी बांधणे आज विद्यालयाच्या आवाक्यात नाही, म्हणून गाळणीतून गेलेले जास्तीचे पाणी आम्ही विहिरीकडे वळविले आहे. परंतु टँकरची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मुलांनी आपल्याच डोक्यावरच्या छपराचा हा हिशेब स्वतःच्या हाताने केला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

छपरानंतर जमिनीचा क्रम येतो. उतारावरचे पाणी अडविण्यासाठी समान उंचीच्या रेषेवर चर खोदतात. शासकीय भाषेत त्यांना ‘सलग समतल चर’ म्हणतात. ही रेषा शोधण्यास महागडे यंत्र लागत नाही. सारख्या लांबीच्या दोन सरळ काठ्या वरच्या टोकाशी घट्ट बांधाव्यात, खालचे पाय फाकवून मध्ये एक आडवी काठी बांधावी आणि वरच्या गाठीपासून दोरीने एक दगड लोंबता सोडावा. गवंड्याच्या ओळंब्याचेच हे रूप आहे. ही चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जेथे शिवते तेथे खूण करावी. मग दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून पुन्हा खूण करावी. दोन खुणांचा मध्यबिंदू म्हणजे समतलाची खूण. त्यानंतर एक पाय स्थिर ठेवून दुसरा फिरवीत जावे. दोरी मध्यबिंदूवर आली की दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत असे समजून तेथे खुंटी ठोकावी. अशा खुंट्यांची वेडीवाकडी रेषा उतारावरून पुढे सरकत जाते. त्या रेषेवर चर खणून निघालेली माती खालच्या बाजूस बांधासारखी घालावी आणि बांधावर झाडे लावावीत. अतिवृष्टीचे पाणी जाण्यासाठी दगडी सांडवा ठेवण्यास विसरू नये. तो नसेल तर एका पावसात सारा बांध फुटतो. आणखी एक सूचना : ही पद्धत मुरमाड, हलक्या जमिनीसाठी आहे. खोल काळ्या चिकण जमिनीत पाणी असे कोंडले तर पिकाची मुळे कुजतात. तेथे पाणी हलक्या उताराने बाहेर काढण्याचीच व्यवस्था हवी. परदेशी पुस्तकातील चित्र पाहून सरसकट चर खोदणाऱ्यांनी आधी आपल्या शेताची माती ओंजळीत घ्यावी.

पालकसभेत एका पालकांनी उभे राहून विचारले, “गुरुजी, आम्ही लेकरं शिकायला धाडली की माती उकरायला? माती आम्ही उकरलीच की जन्मभर.” सभेत काही क्षण शांतता पसरली. हा प्रश्न रास्त होता आणि आजही रास्त आहे. शाळेत आपल्या मुलांना झाडू देऊन वर्गाबाहेर ठेवण्याचा इतिहास फार जुना नाही. म्हणून आम्ही काही नियम ठरवून घेतले आहेत. वर्गाचा तास बुडवून शेतात काम होत नाही. कामाची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लागते. शिक्षक, मुख्याध्यापक व भेटीस आलेले विश्वस्तही पाळीतून सुटत नाहीत. मुलींकडे पाणी व मुलांकडे कुदळ, अशी वाटणी होत नाही. आणि ज्या कामामागचे गणित किंवा विज्ञान आम्हांला समजावून सांगता येत नाही, ते काम विद्यार्थ्यांना दिले जात नाही. दोन काठ्यांची ती चौकट म्हणजे भूमितीतील समद्विभुज त्रिकोण होय, हे ज्या मुलीने फळ्यावर सिद्ध करून दाखविले, तिने माती उकरली असे कोणी म्हणणार नाही.

तरीही त्या पालकांच्या प्रश्नात याहून खोल असा एक प्रश्न दडलेला आहे. शाश्वत जीवनपद्धतीविषयी बोलणारे पुष्कळ लोक ‘खेड्याकडे चला’ आणि ‘पूर्वजांचे शहाणपण’ ही भाषा वापरतात. ती ऐकताच आपल्या माणसाच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडलीच पाहिजे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या या गौरवाचा कठोर शब्दांत समाचार घेतला. ज्या गावाचे पाणी शिवण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या गावाच्या जुन्या जलव्यवस्थेचे गोडवे आपण डोळे मिटून कसे गावेत? १९१८ च्या आपल्या निबंधात बाबासाहेबांनी लहान शेतजमिनींचा प्रश्न तपासला. जमीन किती एकर आहे एवढ्यावरून ती किफायतशीर की तोट्याची हे ठरत नाही. तिच्याबरोबर अवजारे, भांडवल व श्रम कोणत्या प्रमाणात आहेत त्यावर ते ठरते, असे त्यांनी दाखविले. शेतीवरील माणसांचा अतिरिक्त भार हलका करण्यासाठी त्यांनी औद्योगिकीकरणाचा मार्ग सांगितला. हा विचार आम्ही मानतो. आपल्या विद्यार्थ्यांनी अभियंता, डॉक्टर, न्यायाधीश व्हावे. शेतीत अडकून राहावे असे पर्माकल्चरच्या नावाखाली सांगणे आम्हांला मान्य नाही. परंतु ज्यांच्याकडे दोन एकर हलकी जमीन उरलीच आहे, त्यांच्यासाठी त्याच निबंधातून एक वाट निघते. एकर वाढविता येत नसतील, तर पाणी, माती, झाडे आणि कौशल्य यांचे प्रमाण सुधारता येते. पर्माकल्चर नेमके हेच करते, म्हणून ते आपल्या कामाचे आहे.

आणि श्रमाचे काय? १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात व अन्यत्र हजारो हातांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, बांध घातले. त्यांत आमचे आईवडीलही होते; आपल्यापैकी अनेकांचे असतील. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, तो मोठाच कायदा होता. परंतु बांध ज्यांनी घातले त्यांना मजुरी मिळाली आणि बांधामागे साठलेले पाणी ज्यांची जमीन होती त्यांना मिळाले. तळ्याच्या खालच्या बाजूच्या विहिरी भरल्या. त्या कोणाच्या होत्या, हे गावोगावच्या लोकांस ठाऊक आहे. मृद्‌संधारणाचे कितीही सुंदर काम झाले तरी ‘पाण्यात वाटा कोणाचा’ हा प्रश्न आधी सोडविला नाही, तर बाकीचे सारे तेथेच अडते.

मॉलिसन यांनी पर्माकल्चरसाठी तीन नीतितत्त्वे सांगितली : पृथ्वीची निगा, माणसांची निगा आणि तिसरे. या तिसऱ्याचा इतिहास बोधक आहे. १९८८ च्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात ते लोकसंख्या व उपभोग यांना मर्यादा घालण्याविषयी आहे. पुढे प्रचलित झालेल्या मांडणीत ते ‘न्याय्य वाटा’ असे झाले. हा बदल आम्हांला स्वागतार्ह वाटतो. लोकसंख्येच्या मर्यादेची भाषा नेहमी गरिबाकडे बोट दाखविते, वाट्याची भाषा श्रीमंताकडेही पाहते. आमचे मत असे की आपण ही तत्त्वे उलट क्रमाने वाचावीत, वाटा पहिला. ज्या टास्मानियात ही कल्पना जन्मली, तेथील मूळ रहिवाशांची भूमीही एकोणिसाव्या शतकात बळाने हिरावली गेली होती, हे सांगितल्याशिवाय हा परिचय अपुरा राहील. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये जमीन राज्याच्या मालकीची व शेती सामुदायिक असावी, जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे भेदच उरू नयेत, अशी योजना मांडली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. पुढे दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. गायरानाचा जो काही तुकडा आज कोणाच्या नावे असेल, त्यामागे हा लढा आहे.

असा तुकडा हाती आल्यावर काय करता येते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. तेलंगणातील झहीराबाद तालुका बिदरला लागून आहे. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आपले तालुके बिदर जिल्ह्यातच होते; मराठवाडा आणि झहीराबाद एकाच निजामी राजवटीखाली नांदले, एकाच प्रकारच्या दुष्काळात पोळले. तेथे १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था काम करते. सुमारे पंचाहत्तर गावांत तिचे महिलांचे संघम् आहेत आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया दलित आहेत. त्यांच्या वाट्याला आलेली जमीन लाल, हलकी, अनेक वर्षे पडीक होती. १९८७ साली मॉलिसन भारतात शिकविण्यासाठी आले. त्यानंतर याच परिसरातील पस्तापूर येथे पर्माकल्चरचे प्रात्यक्षिक-क्षेत्र उभे राहिले. भारतातील या विद्येचा आरंभ तेथूनच मोजतात. पस्तापूरच्या कामातून घडलेल्या कार्यकर्त्यांनी पुढे स्वतंत्र संस्था काढली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरच्या पर्माकल्चर अभ्यासकांची परिषद हैदराबाद व झहीराबादजवळ भरविली.

आम्हांला त्या शेतांपेक्षाही संघमच्या धान्यकोषाची कथा अधिक मोलाची वाटते. १९९० च्या दशकात या स्त्रियांनी गावातील पडीक जमिनी कर्जाच्या साहाय्याने लागवडीखाली आणल्या. कर्जाची फेड रोख रकमेत न करता ज्वारीच्या रूपाने करावयाची, असे ठरले. ही ज्वारी गावातच साठविली गेली आणि टंचाईच्या महिन्यांत सर्वांत गरीब घरांना अल्प दराने देण्यात आली. सर्वांत गरीब कोण, हे गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरविले. रेशन दुकानात तांदूळ व गहू येत होता. या स्त्रियांनी स्वतःच्या रानातली ज्वारी स्वतःच्या रेशनवर आणली. एकाच शेतात अनेक पिके, घराघरांत बियाण्यांचा साठा, आणि दरवर्षी बैलगाड्यांतून गावोगाव फिरणारी जुन्या बियाण्यांची जत्रा, हे त्यांचे पर्माकल्चर. २००८ पासून माचनूर येथून त्या स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्रही चालवितात. २०१९ साली या कार्याला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या स्त्रिया कधीकाळी दुसऱ्याच्या घरी दाणे मागावयास जात, त्यांच्याकडे आता मोठे शेतकरी बियाणे मागावयास येतात. वाटा आधी आणि झाडे नंतर, या क्रमाचा अर्थ आम्ही असा घेतो.

एक नाजूक विषय टाळता येण्याजोगा नाही. पर्माकल्चरमध्ये ‘कचरा’ असे काही नसते. एकाचे उत्सर्जन ते दुसऱ्याचे अन्न. मानवी मैलाही कुजवून खत करावा, असे हे शास्त्र सांगते. शास्त्र म्हणून यात खोट नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा बंद करून पुरेसा काळ ठेवला की त्यात दुर्गंधी नसलेले खत मिळते. परंतु तो खड्डा कोण उपसणार? ऑस्ट्रेलियातील पुस्तकात हा प्रश्न नाही, कारण तेथे घरमालक स्वतःच उपसतो. आपल्या देशात या कामाला जन्मजात जात चिकटविली गेली आणि ती सोडविण्यासाठी १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदे करावे लागले. म्हणून विद्यालयात अशा खताचा प्रयोग करण्यास आम्ही तूर्त नकार दिला आहे. स्नानगृहांचे सांडपाणी मात्र केळीच्या आळ्यात सोडले आहे. दोन मीटर रुंदीचा गोल खड्डा, त्यात पालापाचोळा व फांद्या, कडेने केळी, पपई, अळू. पाणी उघड्यावर साचत नाही, त्यामुळे डासही होत नाहीत. स्वयंपाकघराचे तेलकट पाणी आधी गाळून घ्यावे लागते. ती गाळणी साफ करण्याची पाळी मंगळवारी आमची असते.

शहरांत सदनिकेत राहणारे आपले माजी विद्यार्थी विचारतील की यात आमच्यासाठी काय. त्यांच्यासाठी विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. राजा उदेनाच्या राण्यांनी आयुष्मान आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली की श्रमणाला इतक्या वस्त्रांचे करावयाचे काय; हा व्यापार मांडणार की काय? त्याने चौकशी केली. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांची गादीची खोळ, जुन्या खोळीचे जमिनीवरचे आंथरूण, आंथरुणाचे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झटकण्याचे फडके. आणि तेही फाटले की त्याचे तुकडे करून चिखलात मळून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. आमच्या आजीच्या घरी नऊवारीची गोधडी, गोधडीचे बाळाचे दुपटे आणि दुपट्याचे पोतेरे होई. तिला विनयपिटक ठाऊक नव्हते, दारिद्र्य ठाऊक होते. पण आनंदांकडे पाचशे चीवरे होती. भरपूर असताना जपून वापरणे आणि त्याआधी वाटून देणे, हे गरजेपोटी केलेल्या काटकसरीहून निराळे आहे. आज ज्यांच्या कपाटात कपडे मावत नाहीत, अशी आपलीच पहिली पिढी आहे. हा पाठ तिला प्रथमच लागू पडतो. खिडकीत पुदिना लावणे चांगलेच, परंतु आपल्या गृहसंकुलाच्या गच्चीवरचे पाणी कोठे जाते, कचरा उचलणाऱ्या कामगाराला हातमोजे मिळतात का, ओला कचरा वेगळा केला जातो का, हे सोसायटीच्या सभेत विचारणे त्याहून अधिक पर्माकल्चरचे आहे.

विद्यालयाने येत्या पावसाळ्यापूर्वी बियाणे-पेटी सुरू करण्याचे योजिले आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी आपापल्या गावांतून गावरान वाल, दोडका, दुधी, अंबाडी, तीळ, राळा, भगर, टपोऱ्या दाण्याची जुनी ज्वारी, जे मिळेल ते मूठभर पाठवावे. बियाणे कडक उन्हात न वाळविता सावलीत वाळवावे आणि कोरड्या राखेत मिसळून कागदी पाकिटात भरावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते. पाकिटावर गाव, जमिनीचा प्रकार, पेरणीचा महिना आणि ते बियाणे ज्या बाईने जपले तिचे संपूर्ण नाव लिहावे.